डाव्या बाजूचा स्पीकर

तीन हाका मारल्या होत्या म्हणे त्यानं. हर्षालीला ऐकू आली ती चौथी, आणि तीसुद्धा तो स्कूटीला वळसा घालून तिच्या उजव्या हाताला येऊन उभा राहिला तेव्हा.

"सोपानरावांचं घर हेच ना? का पाचवी हाक मारू?"

ती दचकली. समोर एक तरुण उभा होता. पाठीवर सॅक, हातात टोमॅटो बांधायच्या सुतळीचा गुंडा, कपाळावर हेल्मेटचा लाल वळ… आणि डोळ्यांत असं हसू, की राग यायला हवा होता, पण आला नाही.

"हेच. काय काम होतं?"

"मी सूरज. लोणीवरून आलोय, साउंडवाला. आबांचा फोन व्हता, स्टिरिओ बिघडलाय म्हणून." मग जरा थांबून म्हणाला, "मॅडम, राजुरीत पावण्याला चार हाका मारायला लावायची रीत हाय व्हय?"

"सगळ्यांना नाही. काहींना," ती म्हणाली आणि झपाझपा पुढं झाली. पायरीशी गेल्यावर तिला जाणवलं, आपले कान तापलेत. दोन्ही.

हर्षाली नारायणगावला माती परीक्षणाच्या लॅबमध्ये नोकरी करायची. कुणाच्या वावरात काय कमी आहे ते ती चिमूटभर मातीवरून सांगायची. आपल्यात काय कमी आहे ते मात्र ती कुणाला सांगत नसे. लहानपणी तिचा डावा कान सारखा फुटायचा. कोमट तेल झालं, लसणाची पाकळी झाली, आणि डॉक्टरकडे जाईस्तोवर त्या कानानं निम्मं ऐकणं सोडून दिलेलं होतं. तेव्हापासून ती अर्ध्या गोष्टी लोकांच्या ओठांवरून ओळखायची, आणि ज्या ओळखू यायच्या नाहीत त्यांना "हो हो" म्हणून मान डोलवायची. या "हो हो"पायी कॉलेजात ती एकदा कबड्डीच्या संघात भरती झाली होती.

आणि बाप कोण, तर सोपानराव! तीस वर्षं बैलगाड्यांच्या शर्यतीत माईकवर बोललेला माणूस. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडा सुटला आणि आबांनी "भिर्रर्र" केलं, की तीन शिवारांपलीकडची माणसं हातातलं खुरपं टाकून कान द्यायची. घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी माईक कायमचा बंद केला. तेव्हा लोणीच्या यात्रा कमिटीनं त्यांचा मोठा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि भारीतला स्टिरिओ. जन्मभर लोकांना ऐकवलंत, आता निवांत बसून ऐका, असं अध्यक्ष भाषणात म्हणाले.

पण ज्याचा जन्म बांबूला बांधलेल्या कर्ण्यांखाली गेला, त्याला घरातला स्टिरिओ कसा मांडायचा ते कोण सांगणार? आबांनी आपल्या अकलेनं मांडला. एक स्पीकर हॉलमध्ये शोकेसच्या वर, छताला टेकेल असा. दुसरा स्वयंपाकघरात, फ्रिजवर. भावकीत वाटणी करावी तशी चोख वाटणी, कुणावर अन्याय नाही.

"दीड महिना झाला बघ बाबा," वैजयंतीबाईंनी, हर्षालीच्या आईनं, पाण्याचा तांब्या देता देताच गाऱ्हाणं सुरू केलं. "मला सैपाकघरात नुसता तबला अन् टाळ. गाणारा माणूस आत येतच न्हाई. बायकांत यायला लाजतोय का काय!"

"अन् हितं नुसता गाणारा," आबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मला वाटलं, तबलजीनं काम सोडलं."

सूरजनं एकदा हॉलकडं बघितलं, एकदा फ्रिजकडं बघितलं, आणि सॅक खाली ठेवून तो इतका हसला की वैजयंतीबाईही पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"आबा, मशीन ठणठणीत हाय. तुमी जोडी फोडली. निम्मं गाणं ह्याच्यात असतं, निम्मं त्याच्यात. दोघांना एका खोलीत आणायचं, शेजारी शेजारी, मधी अंतर ठिवून. मग गाणारा बराब्बर मधोमध उभा ऱ्हातो."

"मधी तर काहीच न्हाई."

"तीच तर गंमत हाय, आबा. मधी काहीच नसतं, तरी आवाज तिथनंच येतो."

हे वाक्य बोलताना हर्षालीकडं बघायचं त्याला काही कारण नव्हतं. तरी बघितलं.

मग जुंपली. आबांना स्पीकर उंचावर हवे होते, कारण घाटात कर्णे उंचावर असतात. सूरज म्हणाला, घाटात ऐकणारी हजारो माणसं उभी असतात, इथं एकच माणूस बसलेला असतो, तर आवाज त्याच्या कानाच्या उंचीला पाहिजे. आबांना स्पीकर कोपऱ्यात, भिंतीला चिकटून हवे होते, म्हणजे जागा अडत नाही. सूरज म्हणाला, भिंतीपासून दीड हात पुढं घ्या, नाहीतर ढोलाचा नुसता गलका होतो. आबा घाटातले गडी होते, हटायचे नाहीत. पण पोरगा हरेक गोष्ट हसत हसत सांगत होता, आणि हसणाऱ्याशी भांडायची आबांना सवय नव्हती.

"बरं, एवढं सांगा," सूरज शेवटी म्हणाला, "ऐकणारं कोण? कुणाच्या जागंवरनं जुळवू?"

"सोफ्यावरनं," आबा म्हणाले. "रविवारी पिंपळवंडीचे पावणं येत्यात. हिला बघायला."

सूरजच्या हातातली सुतळी क्षणभर थांबली. मग तो गुंडा सोडवत म्हणाला, "बरं. सोफ्यावरनं."

ह्या स्पीकरपासून त्या स्पीकरपर्यंत जेवढी सुतळी, तेवढीच दोघांपासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत, असा त्याचा हिशेब होता. टोक धरायला कुणीतरी हवं होतं. हर्षालीला सोफ्यावर बसवण्यात आलं. तो डावीकडच्या स्पीकरमागं वाकून काहीतरी म्हणाला. काय, ते तिला कळलं नाही.

"हो हो," ती म्हणाली, आणि सुतळीचं टोक उजव्या कानाशी धरलं.

त्यानं वर बघितलं. उठून जवळ आला, दोन बोटांनी टोक तिच्या हातातून अलगद घेतलं आणि डाव्या कानाशी आणून धरलं. बोटं कानाला लागली नाहीत… पण लागल्यासारखं तिला संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं.

"स्टँड बनवून आणतो," जाताना तो म्हणाला. "गुरुवारी येतो."

लोणीहून राजुरी म्हणजे घोड अन् कुकडी, दोन नद्या ओलांडून यायचं. दोन लाकडी स्टँडपायी इतका आटापिटा कोण करतो, हे वैजयंतीबाईंच्या ध्यानात आलं नाही. हर्षालीच्या मात्र आलं, आणि गुरुवारी तिनं लॅबमध्ये अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

गुरुवारी सूरज स्टँड घेऊन आला आणि पाठोपाठ अवकाळी पाऊस आला. मार्चातला पाऊस, कुणी न बोलावलेला. आबा आणि आई ताडपत्री घेऊन कांद्याच्या ढिगाकडं पळाले. लाइट गेली. हॉलमध्ये अंधार झाला, तशी ती दोघं दारापुढच्या ओट्यावर येऊन बसली, दोघांच्या मधे एक स्टँड. पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत होता. मातीचा वास आला. मातीच तपासायची नोकरी असून हर्षालीला तो वास नेहमी नवा वाटायचा.

"लई जोराचा हाय," सूरज म्हणाला.

"मला पाऊस नेहमी उजवीकडंच पडतो," ती बोलून गेली, आणि तिनं जीभ चावली.

त्यानं चमकून बघितलं नाही. "म्हाईत हाय," म्हणाला.

"काय माहितंय?"

"सुतळी डाव्या कानाला धरा म्हणलो, तुमी 'हो हो' म्हणून उजव्याला धरली. फाटकावरच्या तिन्ही हाका डावीकडनं व्हत्या. मी साउंडवाला हाय, मॅडम. कुठल्या बाजूनं आवाज कमी येतोय, हे बघायचीच माझी रोजी हाय."

आता हा हळहळणार, ती मनाशी म्हणाली. सगळे हळहळतात. तिनं आधीच मान ताठ केली.

"वाईट वाटलं असेल."

"वाटलं ना." तो गंभीर होता. "आधी वाटलेलं, पोरगी लई भाव खाती. चांगला तीन हाकांचा राग धरून बसलो व्हतो… तो सगळा फुकट गेला."

ती हसली. हसता हसता तिला कळलं, की कानावरून आपण आयुष्यात पहिल्यांदा हसतोय. मग तिनं सगळंच सांगून टाकलं. मागच्या वर्षी एक स्थळ कानावरूनच मोडलं होतं. म्हणून या वेळी पाहुण्यांना सांगायचं नाही, असं घरात ठरलं होतं. आईनं तिची जागासुद्धा ठरवली होती. सोफ्याचं डावं टोक, म्हणजे सगळी माणसं तिच्या उजव्या हाताला येतात.

सूरजनं पागोळ्यांखाली तळहात धरला.

"अन् लग्नानंतर? त्याला जन्मभर उजवीकडंच बसवणार?"

"तुमच्याकडं उत्तर असेल तर सांगा."

"उत्तर कुठलं… माझ्याकडं स्क्रू ड्रायव्हर हाय." मग तो हळू म्हणाला, पण तिच्याकडं तोंड करून, ओठ तिला दिसतील असा. "एक सांगू? घाटात कुणी म्हणलं, हिकडं नीट ऐकू येत नाय, तर आमी माणसाला नावं ठिवत नाय. स्पीकर हलवतो."

हर्षालीनं मधला स्टँड जरा बाजूला सरकवला. तेवढ्यात लाइट आली.

आत जाताना त्यानं सहज विचारलं, "तुमी रोज कुठं बसता?" तिनं खिडकीजवळची नायलॉनच्या पट्ट्यांची खुर्ची दाखवली. डाव्या बाजूला खिडकी, त्यामुळं त्या बाजूला बोलायला कुणी येत नाही. त्यानं मान हलवली आणि कामाला लागला. ती चहा करायला गेली. बाहेर आली तेव्हा स्टँडवर स्पीकर बसले होते, पण त्यांची तोंडं सोफ्याकडं नव्हती.

त्यानं तिच्या हातात एक पेन ड्राइव्ह दिला. "ह्यात आबांसाठी एक रेकॉर्डिंग हाय. बंदी उठून शर्यती परत सुरू झाल्या त्या वर्षी लोणीच्या घाटात दोन माईक लावून धरलं व्हतं मी. अन् हे बघा, हे बॅलन्सचं बटण. जरा डावीकडं फिरवलंय, म्हंजे डावा स्पीकर जरा मोठा वाजतो. पावणं यायच्या आधी एकदा खुर्चीत बसून ऐका. नाय पटलं तर बटण मधी आणा, स्पीकर सोफ्याकडं फिरवा, आबांच्या मनासारखं हुईल. मी काय विचारणार नाय."

"आणि पटलं तर?"

हेल्मेट घालता घालता तो थांबला. "तरीबी विचारणार नाय," म्हणाला. "तुमी सांगायचं."

रविवारी सकाळी आई शिऱ्याचा रवा भाजत होती आणि आबा पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेले होते, तेव्हा हर्षाली खुर्चीत जाऊन बसली. एक जुनं भावगीत लावलं. शंभरदा ऐकलेलं. आवाज आला… आणि तिनं श्वास धरला. आजवर गाणं तिला एका कडेनं यायचं, उजवीकडून, दुसऱ्या कुणासाठी लावलेलं असावं तसं. आज ते समोरून आलं. गाणारी बाई बरोबर मधोमध उभी होती. डाव्या हाताला कुणीतरी सतार छेडत होतं. ह्या गाण्यात सतार आहे, हे तिला सव्वीस वर्षांत कळलं नव्हतं.

तिला रडू आलं. तिनं ते येऊ दिलं. एका माणसानं सुतळीनं मोजून, बटणं फिरवून, दोन नद्या ओलांडून फक्त तिच्या कानासाठी आवाज मांडला होता. तो तिला आवडत होता, फार आवडत होता, आणि हे आता स्वतःपासून लपवण्यात काही अर्थ नव्हता.

गाणं संपलं. ती उठली आणि तिनं बटणावर हात ठेवला. मधे आणायला एक क्षण पुरे होता. आईबापाचा शब्द होता, पाहुणे दारात येत होते.

"हर्षे, पावणं आले गं," आई आतून म्हणाली.

तिनं हात काढून घेतला. बटण होतं तिथंच राहिलं.

पाहुणा मुलगा, सुनील, पुण्यात कंपनीत होता. माणूस शांत दिसत होता. सोबत त्याची आई, लंकाबाई. चहा झाला, शिरा झाला, आणि पाहुण्यांसमोरच मुहूर्त करायचा म्हणून गुरुवारपासून न लावलेला स्टिरिओ आबांनी मोठ्या तोऱ्यात लावला.

"आवाज तिकडंच चाललाय की वो, खिडकीकडं," लंकाबाई म्हणाल्या.

आबांचा चेहरा पडला. ते आवाज वाढवायच्या बटणाशी खुडबूड करू लागले. त्याच वेळी सुनील मोबाइल चार्जिंगला लावायला उठला आणि परत येऊन मोकळ्या स्टुलावर बसला. हर्षालीच्या डाव्या हाताला. आईनं मनात मांडलेली सगळी मांडणी एका चार्जरनं उधळली.

तो काहीतरी म्हणाला. गाणं चालू होतं.

"हो हो," हर्षाली म्हणाली.

लंकाबाईंच्या तोंडावर समाधान पसरलं. आबा मात्र वळून लेकीकडं बघत राहिले. काहीतरी चुकलं होतं, हे तिनं त्यांच्या तोंडावरून ओळखलं. हर्षालीनं गाणं बंद केलं.

"तुम्ही काय विचारलंत?"

"लग्नानंतर नोकरी सोडाल ना, म्हणालो. तुम्ही हो म्हणालात."

आईनं डोळ्यांनी खूण केली, असू दे, गप्प बस. हर्षालीला ती खूण दिसली. खुर्ची दिसली. डावीकडं फिरवलेलं बटणही दिसलं.

"मी ऐकलंच नव्हतं," ती म्हणाली. "मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, लहानपणापासून. ऐकू आलं नाही की मी हो म्हणते. ती माझी चूक. नोकरी मी सोडणार नाही."

लंकाबाईंनी लेकाकडं बघितलं. मग सुनील म्हणाला, "बरं झालं सांगितलंत." मनापासून म्हणाला, हे खरं. पाहुणे पानसुपारी घेऊन उठले. कळवतो म्हणाले. आपल्याकडे कळवतो म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं.

वैजयंतीबाई कपबश्या घेऊन आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. आबा धुमसत हॉलमध्ये फेऱ्या घालू लागले.

"त्या साउंडवाल्यानं पार घोळ घातला. सोफ्यावरनं जुळव म्हणलो व्हतो."

"आबा, इथं बसा." हर्षालीनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि पेन ड्राइव्ह लावला. "हे ऐका."

आधी घाटातला गलका आला. हलगी आली. मग आबांचा आवाज… ऑपरेशनच्या आधीचा, खणखणीत, छाती भरून आलेला. आबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "माझाच हाय. पण डाव्या अंगाला कललाय."

"डाव्या कानात थोडा कापूस घाला."

त्यांनी तिच्याकडं बघितलं. तिनं दिलेला कापूस घेतला, कानात घातला. गाडा सुटला. बैलांच्या घुंगरांचा आवाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत गेला, आणि त्या सगळ्याच्या मधोमध, कुठंही न कलता, सोपानराव उभे राहून म्हणाले, भिर्रर्र!

रेकॉर्डिंग संपलं तरी आबा उठले नाहीत. डोळे पुसले, कापूस तसाच ठेवला.

"तुला असं ऐकू येतं व्हय गं?" ते म्हणाले. "तीन शिवारं माझा आवाज जायचा. अन् घरातल्या लेकराला कसा पोचतो, ते मला ठावं न्हाई… तुलाच लपवत बसलो."

हर्षाली त्यांच्या उजव्या हाताशी खाली बसली. आबांनी बटणाकडं बघितलं. मग स्पीकरकडं, मग लेकीकडं. तीस वर्षं कुठला गाडा कुठल्या बाजूनं येतोय ते लांबून ओळखणारा माणूस तो. त्याला हे ओळखायला फार वेळ लागला नाही.

"त्या पोराला फोन लाव. मशीन बिघडलंय म्हणावं."

"आबा, ते बिघडलेलं—"

"सोफ्यावर ऐकू येत न्हाई म्हणजे बिघडलंयच. अन् येताना आईबापाला घेऊन ये म्हणावं. त्यांनाबी ऐकवू."

स्वयंपाकघरात कपबश्यांचा आवाज थांबला. वैजयंतीबाईही कान देऊन उभ्या होत्या.

हर्षाली फोन घेऊन ओट्यावर आली. दोन रिंग वाजल्या.

"बोला, मॅडम."

"मशीन बिघडलंय."

"आँ? काय झालं?"

"सोफ्यावर ऐकू येत नाही."

पलीकडून जपून विचारल्यासारखं, "अन्… खुर्चीत?"

"खुर्चीत येतं. मधोमध." ती थांबली. तुमी सांगायचं, म्हणाला होता तो. "मी बटण फिरवलं नाही, सूरज. आता फिरवणारही नाही. आणि आबा म्हणालेत, येताना तुमच्या आईवडिलांना घेऊन या."

पलीकडच्या रस्त्यावरून गेलेला एक ट्रॅक्टर तिला फोनमधून ऐकू आला. मग तो बोलला. एकच वाक्य, अगदी हळू. फोन तिच्या उजव्या कानाला होता आणि प्रत्येक शब्द लख्ख पोचला.

जन्मभर तिनं न ऐकलेल्या गोष्टींना "हो हो" म्हटलं होतं. आज तिनं डोळे मिटले, हसू दाबलं, आणि म्हणाली,

"ऐकू नाही आलं… परत सांगा."